मंगळवारचा रसाचा उपवास : 14 महिन्यांचा अनुभव आणि घरात झालेली एक चूक

तुळशीकट्टा :

नमस्कार मंडळी. दर मंगळवारी अन्न न घेता फक्त रसावर राहायचं, असं मी गेले 14 महिने करते आहे. उपवासावरच्या इथल्या धाग्यांवर अधूनमधून प्रतिसाद दिलेत, पण स्वतःचं सविस्तर कधी लिहिलं नव्हतं. गेल्या महिन्यात घरात जे झालं त्यानंतर राहवेना. ते पुढे येईलच. पण आधीचं सांगितल्याशिवाय ते कळणार नाही, म्हणून थोडं लांबण लावते.

मी मुलुंडला राहते, नोकरी फोर्टात, वय 48. दीड वर्षापूर्वी तपासणीत एचबीए1सी (साधारण तीन महिन्यांच्या रक्तातल्या साखरेची सरासरी) 6.1 आलं आणि डॉक्टर म्हणाले, मधुमेहाच्या काठावर आहात, अजून पडला नाहीत. वजन 74 किलो. घरून डबा नेत होते, त्यामुळे आपलं खाणं ठीकच आहे असं मला वाटायचं. पण चार वाजता ऑफिसखाली चहा आणि त्याबरोबर काहीतरी तळलेलं, येताना लेडीज डब्यात कुणाचा वाढदिवस, कुणाच्या मुलीचा निकाल, म्हणजे फरसाण, ढोकळा, पेढे. वहीत लिहायला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात दोन पानं भरली.

मंगळवार आमच्याकडे आधीपासून होता. अहो आईंचा (माझ्या सासूबाई, वय 73) गणपतीचा मंगळवार, लग्नानंतर मीही धरला. पण तो उपवास म्हणजे सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याची भाजी, मध्ये दाण्याचा लाडू आणि रात्री नैवेद्य दाखवून पोटभर जेवण. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात तसंच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, वरून तूप, दाणे, बटाटा. माझ्या वहीप्रमाणे मंगळवारी मी इतर दिवसांपेक्षा जास्त खात होते. देवाचं नाव घेऊन आपण हे करतोय याचं मनाला फार लागलं. मग ठरवलं, मंगळवार सोडायचा नाही, साबुदाणा सोडायचा.

सुरुवात चुकीचीच झाली. पहिले दोन महिने फळांचा रस. स्टेशनबाहेरच्या रसवाल्याकडे मोसंबी, अननस, कधी कलिंगड. 'साखर नको, बर्फ नको' एवढं बजावलं की आपलं काम झालं असं समजायचे. मोठ्या पेल्याला तीन-चार मोसंबी सहज लागतात. एका बैठकीला चार मोसंबी सोलून आपण खाणार नाही, पण रस मात्र दोन मिनिटांत संपतो. चोथा राहतो त्याच्या बादलीत आणि साखर सगळी आपल्या पोटात. दिवसाला असे चार पेले. अकरा वाजता हुशारी, साडेबाराला हात कापायला लागायचे, डोकं भणभण. वजन काटाभरही हललं नाही. पावसाळा सुरू झाला तसं बाहेरचं पिणं बंदच केलं. आमच्या ऑफिसात त्या जुलैत दोघांना कावीळ झाली होती.

मग घरी. आधी मिक्सरमध्ये फिरवून मलमलच्या फडक्यातून पिळायचे, पुढे दिवाळीत स्लो ज्यूसर घेतला. आता साधारण असं चालतं : सोमवारी रात्री आठच्या आत जेवण, भात-आमटी-भाजी, पोट फुटेस्तोवर नाही. मंगळवारी सकाळी कोहळ्याचा किंवा काकडीचा रस, आलं-लिंबू घालून. डब्याऐवजी थर्मासमध्ये दुधी किंवा काकडी-पुदिना. बरोबर आमसुलाचं पाणी, मीठ आणि जिरेपूड घातलेलं, साखर नाही. माझं माहेर मालवणकडचं, त्यामुळे हे पाणी मला औषधापेक्षा आवडतं. संध्याकाळी टोमॅटो-गाजराचा पातळ रस कोमट करून, वर मिरपूड. गाजर, बीट थोडंच. बुधवारी सकाळी सातला मुगाचं कढण, नऊला तांदळाची पेज किंवा मऊ भात, दुपारी नेहमीचा डबा. गाजराचा चोथा बुधवारच्या थालीपिठात जातो, टाकत नाही.

उपवास सोडणं हे उपवास करण्याइतकंच महत्त्वाचं, हे मी आमच्या शेजारच्या जैन काकूंकडून शिकले. त्या पर्युषणात नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहतात, तेही सूर्यास्तापर्यंतच, आणि पारणं मुगाच्या पाण्याने करतात. मी सुरुवातीला बुधवारी सकाळी थेट मिसळ खाल्ली होती एकदा. त्या दिवशी पोटात जे दुखलं ते मस्जिद ते मुलुंड वाकून उभं राहून काढलं.

दोन गोष्टी मात्र जरा थांबून सांगायच्या आहेत.

पहिली, दुधी. एका मंगळवारी पहाटे साडेपाचला दुधी चिरायला घेतला. दिसायला कोवळा, हिरवागार, नखाने सहज टोचला जाईल असा. देठाकडची पातळ चकती काढून जिभेच्या टोकाला लावली, ही सवय आईची. क्षणभर काहीच नाही. मग असा कडूपणा चढला की दोन चुळा भरल्या, पाणी प्यायले, तरी पंधरा मिनिटं घशात तसाच. कारल्याचा कडूपणा जिभेवर राहतो, हा पार खाली उतरला. अख्खा दुधी कचऱ्यात टाकला. त्याच्या आदल्याच आठवड्यात मी दुधी आणि कारलं एकत्र काढून प्यायले होते! त्यात हा असता तर कळलंही नसतं. कडू दुधीत क्युकरबिटासिन नावाची द्रव्यं असतात, त्यांनी उलट्या, जुलाब, रक्ताच्या उलट्या, रक्तदाब एकदम खाली जाणं असं होतं. 2010 साली दिल्लीत असा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला, त्यानंतर आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) तज्ज्ञांची समितीही नेमली होती. म्हणून हात जोडून सांगते, दुधी प्रत्येक वेळी चाखायचा. काल त्याच भाजीवालीकडचा गोड निघाला म्हणून आजचा निघेल असं नाही. कडू लागला तर मीठ, मध, लिंबू घालून सुधारायला जाऊ नका. आणि त्यात कारलं कधीच मिसळू नका.

दुसरी गोष्ट अहो आईंची.

माझं वजन वर्षभरात 68 वर आलं, एचबीए1सी 5.8. अहो आईंनी हे पाहिलं. त्यांना बारा वर्षं मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. त्या म्हणाल्या, मीही आता खिचडी सोडते, तुझ्यासारखा रस दे. मला इतका आनंद झाला! सकाळी निघताना त्यांच्यासाठी काकडी-कोहळ्याचा रस तांब्यात झाकून ठेवायचे. दोन मंगळवार छान गेले. तिसऱ्या मंगळवारी साडेअकराला ऑफिसात काकूंचा फोन. त्या वाटीभर चटणी द्यायला गेल्या होत्या. दार उघडलं पण अहो आई त्यांना ओळखेनात, अंगावरचं लुगडं घामाने भिजलेलं, शब्द जड. काकूंनी कपाटातलं यंत्र शोधून बोटातून रक्त घेतलं. साखरेचा आकडा 52, म्हणजे फारच खाली. फोनवरच मी तीन चमचे साखर पाण्यात घालून घोट घोट पाजायला सांगितलं. गिळता येत होतं ही देवाची कृपा. पंधरा मिनिटांनी 81. मी सीएसएमटीला मिळाली ती गाडी पकडली. भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर, त्या दिवशी प्रत्येक स्टेशन मोजलं.

त्यांनी सकाळी मधुमेहाची गोळी नेहमीसारखी घेतली होती. 'गोळी कधी चुकवायची नाही' हे आम्हीच त्यांना बारा वर्षं सांगत आलोय. पोटात धान्याचा कण नाही, रसात साखर जवळजवळ नाही आणि गोळी पूर्ण. मी रसाबद्दल इतकं वाचलं, दुधी चाखून घेत होते, पण त्यांच्या गोळीच्या पाकिटावरचं नाव एकदाही वाचलं नाही. ते मला अजून झोपू देत नाही.

कुणाच्या घरात वडीलधारी माणसं तुमचं बघून उपवासाला बसत असतील तर त्यासाठीच हे लिहिलंय. तुमचेही अनुभव सांगा.

गिरगावकर :

ताई, वाचताना काळजात चर्र झालं. आई आता कशा आहेत ते आधी सांगा.

माझा शनिवार आहे, 22 वर्षं. रस वगैरे नाही, दिवसभर ताक आणि पाणी, रात्री मारुतीला जाऊन आलो की वरणभात. माझ्यासाठी तो देवाचाच दिवस आहे, वजनाचा नाही. पण एक मान्य, त्या दिवशी मन शांत असतं. काय खायचं हा प्रश्नच नसतो.

निदान :

मी फिजिशियन आहे, म्हणून जरा सविस्तर. गोळीत ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असणार. ही औषधं स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग तुम्ही जेवलेले असा वा नसा. म्हणूनच उपाशीपोटी साखर खाली जाते. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या दुसऱ्या गोळीने, ती एकटीच असेल तर, असं सहसा होत नाही. तुम्ही साखरेचं पाणी दिलंत आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलंत, ते अगदी बरोबर केलंत. पण एक लक्षात ठेवा : या गोळ्यांचा अंमल तासन्‌तास टिकतो. 81 आली म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. त्यानंतर जेवण द्यायचं, दिवसभर मोजत राहायचं, आणि वय सत्तरच्या पुढे असेल तर दवाखान्यात न्यायचंच. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जातं.

दुसरं, हल्ली बऱ्याच जणांना डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या चालू असतात. त्यांनी दिवसभराचा उपवास केला तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. उलट्या, पोटदुखी, धाप लागली की लोक पित्त समजतात. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना चक्कर येते. मूत्रपिंड अधू असलेल्यांना नारळपाणी आणि भाज्यांचे रस पोटॅशियममुळे धोक्याचे. इन्सुलिन घेणारे, गरोदर बायका, आधीच किडकिडीत झालेली म्हातारी माणसं, यांनी हे करूच नये.

तुळशीकट्टा :

@गिरगावकर, आता छान आहेत.

@निदान, मनापासून धन्यवाद. हो, ग्लिमेपिराइडच निघालं. त्या दिवशी संध्याकाळी पुन्हा 66 झाली होती, तेव्हा नेलं आणि रात्रभर ठेवून घेतलं. तुम्ही म्हणता तेच तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. हे वर लिहायला हवं होतं.

खारा वारा :

लेख फार आवडला. मी गेली तीन वर्षं शुक्रवारी करतो. माझा अनुभव, पहिल्या दिवशी डोकं जाम दुखतं ते विषद्रव्यं बाहेर पडत असतात म्हणून, ते सोसायचं. शिवाय ऑटोफॅजीला (पेशींनी स्वतःचेच खराब भाग पचवून पुन्हा वापरणं) तर 2016 चं नोबेल मिळालंय. 16 तास झाले की शरीर स्वतःची साफसफाई सुरू करतं.

तुळशीकट्टा :

@खारा वारा, डोकेदुखीबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. मलाही दर मंगळवारी दुपारी कपाळ ठणकायचं. एका मंगळवारी रस तोच ठेवला आणि सकाळी अर्धा कप बिनसाखरेचा कोरा चहा घेतला. दुखलं नाही. रोज चार कप चहा पिणारं डोकं चहाच मागत होतं. तेव्हापासून मी कोरा चहा ठेवलाय, वाईट वाटून घेत नाही. आणि बुधवारी सकाळी काट्यावर जो किलोभर कमी दिसतो तोही बहुतेक पाण्याचाच असतो, शुक्रवारपर्यंत परत येतो. माझे सहा किलो वर्षभरात गेले, त्यात चार वाजताचं तळलेलं सुटल्याचा वाटा मोठा आहे असं मी प्रामाणिकपणे मानते.

निदान :

सहमत. साफसफाईचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रोजच करतात, त्यांना मंगळवार-शुक्रवार नसतो. ऑटोफॅजीवर काम करणाऱ्या ओसुमींना नोबेल मिळालं हे खरं, पण त्यांचे मूळ प्रयोग यीस्टवरचे. त्यावरून माणसासाठी '16 तास' असा ठोक आकडा निघत नाही.

अर्धा चमचा :

माझी कहाणी सांगते, कुणाला उपयोग होईल. मी हिरव्या रसाच्या मागे लागले होते. रोज सकाळी अनशापोटी पालकाची अख्खी जुडी, वर बीट. आठवड्यातून एकदा नाही, रोज, पाच महिने. एका रात्री कुशीतून जांघेपर्यंत अशी कळ आली की जमिनीवर लोळले. मूतखडा निघाला, कॅल्शियम ऑक्झलेटचा. पालक आणि बीट दोन्हीत ऑक्झलेट भरपूर. जुडीभर पालकाची भाजी करून घरातली चार माणसं खातात, मी ती एकटी कच्ची पीत होते. पाणीही कमी प्यायचे, लोकलच्या प्रवासात अडचण नको म्हणून. हे आपल्याकडे कितीजणी करत असतील! करमळाचा (स्टारफ्रूटचा) रस तर उपाशीपोटी अजिबात नको, त्याने मूत्रपिंडं बिघडल्याची उदाहरणं आहेत.

आणि बीट प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी लघवी लालसर दिसली तर घाबरू नका, रंग बीटचाच असतो. पण बीट न खाता दिसली तर लगेच डॉक्टर गाठा.

घाटावरचा :

मी उरळीकांचनच्या निसर्गोपचार आश्रमात दोनदा राहून आलोय. गांधीजींनी 1946 मध्ये सुरू केलेला. तिथे आल्या आल्या तपासणी होते, चालू औषधांची चौकशी होते, मगच कुणाला रसावर ठेवायचं, कुणाला उकडलेल्या भाज्यांवर ते ठरतं. माझ्याबरोबर खोलीत असलेल्या काकांना रसाहार दिलाच नाही, ते हिरमुसले होते. घरी करताना आपण रस तेवढा उचलतो, ती चौकशी उचलत नाही.

'लंघनं परमौषधम्' हे सगळ्यांच्या तोंडी असतं. पण चरकसंहितेत लंघनाचे, म्हणजे शरीर हलकं करण्याचे, दहा प्रकार सांगितलेत आणि उपवास त्यातला फक्त एक. व्यायाम, उन्हात बसणं, वाऱ्यावर जाणं हीही लंघनंच आहेत. ज्याला उपवास झेपत नाही त्याने सकाळी तासभर चालावं, तेही शास्त्राला धरूनच आहे.

तिसरी पाळी :

मी नर्स आहे, आठवड्यातले तीन दिवस रात्रपाळी. तुळशीकट्टा ताई, ज्यांना खुर्चीत बसून काम नाही त्यांनी काय करायचं? मी एकदा उपाशी राहून रात्रपाळी केली आणि पहाटे चारला सलाइन लावताना हात थरथरला. रुग्णाच्या जिवाचा प्रश्न, पुन्हा केलं नाही. पण मनात खूप आहे.

तुळशीकट्टा :

@तिसरी पाळी, पाळीच्या दिवशी नकोच. माझं काम बसून आहे, तरी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात हिशेबाचं काम असतं तेव्हा मी मंगळवार करत नाही, किंवा फक्त रात्रीचं जेवण सोडते. मासिक पाळीत करत नाही. ताप-खोकल्यात करत नाही. तुम्हाला सुट्टीचा दिवस असेल तो धरा, वार कुठलाही. तेही जमलं नाही तर तळलेलं आणि गोड एक दिवस पूर्ण बंद, बाकी वरण-भाकरी-भाजी. माझ्या जावेचा तोच उपवास आहे आणि तिची साखर माझ्याहून चांगली आहे.

@अर्धा चमचा, पाण्याचं अगदी खरं. मीही सीएसएमटीला पोचेपर्यंत घोटभरही प्यायचे नाही. आता मंगळवारी तरी बाटली संपवतेच.

@घाटावरचा, चौकशी उचलत नाही हे तुमचं वाक्य मी घरात वाचून दाखवलं.

अहो आईंचं विचारलंत सगळ्यांनी म्हणून सांगते. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि दिवसभर उपाशी राहायचं नाही म्हणून स्पष्ट सांगितलं. त्या दोन दिवस गप्प होत्या. इतक्या वर्षांचा मंगळवार मोडला असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. मग एका संध्याकाळी आमच्या गुरुजींना फोन लावून स्वतःच विचारलं. ते म्हणाले, आजी, औषध घेणाऱ्या माणसाने अन्न घेतलं तर उपवास मोडत नाही. आता मंगळवारी सकाळी आठला त्या राजगिऱ्याची छोटी भाकरी आणि दही खातात, मग गोळी. बाराला भोपळ्याची भाजी, भगर मोजून एक वाटी. चारला ताक. रात्री आठला दुर्वा वाहून, नैवेद्य दाखवून जेवण. दिवसातून तीनदा बोट टोचायचं आणि आकडा कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात लिहायचा.

परवाच्या मंगळवारी मी ऑफिसातून आले तर चौकोनात 118, 134, 109 आणि खाली त्यांच्या अक्षरात 'काकूंना चटणीची वाटी परत दिली'.